कळशी वर येईपर्यंत : कार्यमोजणीच्या प्रकल्प नोंदी

रविवार, १७ नोव्हेंबर २०२४ (प्रियोळ, फोंडा तालुका)

नववीतल्या भाचीला चाचणी परीक्षेत भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नात भोपळा मिळाला आणि त्या भोपळ्याच्या वेलावर हा प्रकल्प धरला. प्रश्न साधा होता : डोक्यावर १५ किलोचे ओझे घेऊन एक माणूस सपाट रस्त्याने २० मीटर चालतो, मग जिन्याने ३ मीटर उंच चढतो, तर त्याने ओझ्यावर किती कार्य केले? तिने १५ ला २३ ने गुणले आणि ३४५ ज्यूल असे उत्तर लिहिले. एकक बरोबर लिहिल्याचा तरी अर्धा गुण मिळायला हवा होता, अशी तिची तक्रार आहे आणि ती मला अगदीच अवाजवी वाटत नाही. परंतु त्या एका ओळीत चुका मात्र दोन आहेत. किलो हे वस्तुमान आहे, बल नव्हे, म्हणून आधी ९.८ ने गुणून न्यूटन करायला हवे होते. सपाट रस्त्यावरचे २० मीटर धरायलाच नको होते, कारण ओझे तोलणारे बल वरच्या दिशेने आणि सरकणे आडव्या दिशेने. जिन्याचे ३ मीटर तिने धरले ते बरोबर, कारण जिना कितीही लांब किंवा वळणाचा असला, तरी हिशेबात येते ती त्याची उभी उंची. खरे उत्तर १५ × ९.८ × ३, म्हणजे ४४१ ज्यूल.

तिचे चौथीपर्यंतचे शिक्षण मराठीतून झाले आणि पाचवीपासून विज्ञान इंग्रजीतून सुरू झाले, त्यामुळे ‘वर्क’ या एकाच शब्दात तिच्या मनात गृहपाठ, धुणीभांडी आणि बल गुणिले विस्थापन असे सगळे कोंबले गेले आहे. या बाबतीत मराठीची सोय अधिक चांगली आहे. आपल्याकडे रोजचे ते काम आणि भौतिकशास्त्रातले ते कार्य. ‘घरात कार्य आहे’ म्हटले की लग्न किंवा मुंज समजावी, एवढाच त्यात गोंधळ. नोंदींत ‘कार्य’ हाच शब्द वापरायचा आणि ‘काम’ हा शब्द केवळ आईच्या तोंडी ठेवायचा, असे आम्ही ठरवले.

प्रकल्प असा : आमच्या परसातल्या विहिरीतून एक कळशी पाणी वर काढायला किती कार्य लागते, ते आजपासून उन्हाळ्यापर्यंत, पाणी जसजसे खाली जाईल तसतसे मोजत जायचे. विहीर जांभ्या दगडात खणलेली आणि चिऱ्यांनी बांधलेली, वर लोखंडी आडव्या दांड्याला कप्पी, जिला घरात सगळे रहाटच म्हणतात. साहित्य म्हणून ५० किलोपर्यंतचा आकडीचा डिजिटल काटा, कापडी टेप, भ्रमणध्वनीतले घड्याळ आणि आलेखवही एवढे पुरेसे आहे.

आज तांब्याची रिकामी कळशी २.० किलो भरली, पाण्याने भरलेली १४.० किलो. दोराला दर मीटरला लाल चिंधी बांधून खोली मोजली, ती ७.२ मीटर आली. कार्य : १४ × ९.८ × ७.२ = ९८८ ज्यूल. भाचीने आकड्याभोवती चौकट काढली.

रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

चौकटीतला आकडा खोडावा लागला. मागच्या रविवारी आम्ही खोली मोजली ती कप्पीपासून, आणि कळशी तर कठड्यापाशी येताच आपण हाताने ओढून घेतो. कप्पी कठड्याच्या वर १.२ मीटर आहे. तेवढे अंतर कळशी कधी चढतच नाही. म्हणजे विस्थापन ६.० मीटर, आणि कार्य १४ × ९.८ × ६ = ८२३ ज्यूल. चूक माझी होती, कारण टेपचे वरचे टोक मी धरले होते.

त्यावरून आम्ही वहीत प्रत्येक आकडेमोडीआधी तीन रकाने आखण्याचा नियम केला : कोणाचे बल, कोणत्या वस्तूवर, कुठून कुठपर्यंत. बल आणि विस्थापन यांचा गुणाकार करण्यात काही विद्वत्ता नाही, तो पाचवीतले मूलही करील; मुले अडतात ती या तीन रकान्यांपाशी, आणि वर्गात आम्ही शिक्षक ते रकाने गृहीत धरून थेट सूत्रावर उडी मारतो.

ती विचारत होती की ९.८ च का, शाळेत तर १० घेतात. आपल्या अक्षांशावर गुरुत्वत्वरणाचे मूल्य खरे तर ९.७८ च्या आसपास आहे, कारण विषुववृत्ताकडे ते थोडे कमी होत जाते. आमचा काटा शंभर ग्रॅमपर्यंतच दाखवतो, तेव्हा ९.८ घेऊन आमचे काही बिघडत नाही. दहा घेतले तर मात्र दोन टक्क्यांची चूक होते, आणि ती पुढे महागात पडेल.

आज एक गोष्ट मुद्दाम जवळून पाहिली. पाणी शेंदणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते की भरलेली कळशी पाण्याखाली असेपर्यंत हलकी लागते आणि तिचा काठ पाण्याबाहेर आला की हाताला एकदम ओढ बसते. भाचीने काटा दोरात अडकवून कळशी बोटाबोटाने वर घेतली. पाण्याखाली असताना काटा १.८ किलो दाखवत होता. गळा बाहेर आल्यावर ४, मग पोट बाहेर पडू लागताच ७, ११, आणि बूड सुटून ठिबकू लागले तेव्हा १४. कळशीतले पाणी विहिरीच्या पाण्यात असताना त्याचा भार पाणीच तोलून धरते. उरतो तो तांब्याचा, आणि त्यातूनही तांब्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे सुमारे दोनशे ग्रॅम वजा होतात. म्हणून कळशी अर्धा मीटर बुडवली किंवा दोन मीटर बुडवली, तरी एकूण कार्यात पडणारा फरक किरकोळ आहे. खरा हिशेब पाण्याच्या पृष्ठभागापासून सुरू होतो. आमचा ‘कुठून’ आता पक्का झाला.

रविवार, १ डिसेंबर २०२४

आजचा विषय दोर. आतापर्यंत आम्ही दोराला वजनच नाही असे धरले होते. हल्ली वापरात असलेला नायलॉनचा दोर मीटरला ९० ग्रॅम भरतो. माळ्यावरून आईचा जुना काथ्याचा दोर काढला; तो मीटरला २०० ग्रॅम भरला, आणि तोही कोरडा असताना.

अडचण अशी की दोराचे बल स्थिर नाही. काथ्याचा दोर लावला तर कळशी पाण्याच्या पृष्ठभागावर असताना ६ मीटर दोर, म्हणजे १.२ किलो लोंबकळत असतो. कळशी कठड्याशी आली की यातले काहीच उरत नाही. मग बल कोणते घ्यायचे? भाचीने आधी १.२ घेतले, मग स्वतःच म्हणाली की हे अन्याय्य आहे. आलेखवहीवर आडव्या अक्षावर चढलेली उंची आणि उभ्या अक्षावर दोराचे वजन मांडले, तर वरून खाली उतरणारी सरळ रेषा मिळाली, आणि तिच्याखाली त्रिकोण. त्रिकोणाचे क्षेत्रफळ म्हणजेच दोरावरचे कार्य : अर्धा × ११.७६ न्यूटन × ६ मीटर = ३५ ज्यूल. तिने क्षेत्रफळाच्या सूत्रावर विश्वास न ठेवता आलेखातले चौकोन एकेक करून मोजले. मला त्याचा आनंद झाला, कारण बदलत्या बलाचे कार्य म्हणजे आलेखाखालचे क्षेत्रफळ, ही गोष्ट मी स्वतः बारावीपर्यंत पाठच केली होती, मोजली कधी नव्हती.

पडताळा म्हणून दुसरी वाट : दोराचा मध्यबिंदू सुरुवातीला कठड्याखाली ३ मीटरवर असतो, तेव्हा सगळा १.२ किलो ३ मीटर उचलला असे समजा. १.२ × ९.८ × ३, उत्तर तेच, ३५. नायलॉनचा दोर असेल तर १६ ज्यूल.

रविवार, ८ डिसेंबर २०२४

आज रहाट. काटा उलटा धरून, त्या स्थितीत शून्यावर आणून, दोराच्या हाताकडच्या बाजूला अडकवला आणि कळशी कठड्याजवळ असताना, म्हणजे दोराचा भार नगण्य असताना, सावकाश ओढली. कळशी १४.० किलोची, काटा १६.६ दाखवतो. मग तितक्याच सावकाश खाली सोडली, तर ११.८. नुसती धरून ठेवली, तर या दोहोंच्या मधला कोणताही आकडा दाखवून काटा मोकळा.

मधला हिस्सा कप्पीच्या आसाशी होणाऱ्या घर्षणाचा आहे. वर ओढताना घर्षण आपल्या विरुद्ध, सोडताना आपल्या बाजूने. १६.६ भागिले १४ आणि १४ भागिले ११.८, दोन्ही गुणोत्तरे १.१९ आली, तेव्हा मोजणीवर माझा विश्वास बसला. हाताने केलेले कार्य १६.६ × ९.८ × ६ = ९७६ ज्यूल; त्यातले ८२३ कळशीला मिळाले आणि १५३ गंजलेल्या आसाला.

इथे एक गंमत नोंदवून ठेवतो. पहिल्या दिवशीचे आमचे चुकीचे उत्तर ९८८ होते, आणि हाताचे खरे कार्य ९७६ निघाले. त्या दिवशी आम्ही आधी हाताचे बल मोजले असते, तर चुकीची खोली आणि विसरलेले घर्षण एकमेकांवर पांघरूण घालून बसले असते आणि आम्ही खुशाल ‘प्रयोग व सिद्धांत जुळतात’ असे लिहून मोकळे झालो असतो. प्रयोगवहीत जुळलेल्या आकड्यांकडे मी यापुढे जरा संशयानेच पाहीन.

आई इतकी वर्षे आसाला खोबरेल तेल लावत आली. ते तात्पुरते बरे, नंतर त्याचा चिकटा होतो. आम्ही आस रॉकेलने धुतला, पॉलिशपेपरने घासला आणि ग्रीस भरले. वर ओढताना आता १४.९, सोडताना १३.२. घर्षणात जाणारे कार्य १५३ वरून ५३ ज्यूलवर आले.

‘कप्पीमुळे काम सोपे होते’ हे पाठ्यवाक्य भाचीने वहीत लिहिले होते. एकाच जागी बसवलेली कप्पी कार्यातला एक ज्यूलही वाचवत नाही. उलट आपला हिस्सा कापून घेते. ती फक्त बलाची दिशा बदलते, म्हणजे वर उचलण्याऐवजी खाली ओढता येते आणि त्यात आपल्या शरीराचे वजन वापरता येते. सोपे होते ते एवढ्याच अर्थाने.

गुरुवार, १९ डिसेंबर २०२४ (गोवा मुक्तिदिन, सुट्टी)

विहीर बाजूला ठेवून आज खळ्यात उतरलो, कारण दोर तिरका असला तर काय होते, हे विहिरीवर नीट दिसत नाही. कुळागरातून, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेतून, आलेले नारळांचे पोते ४० किलोचे होते. ते खळ्यातून ५ मीटर ओढत न्यायचे.

आधी दोर जमिनीलगत ठेवून आडवा ओढला : काटा १८.० किलो, कार्य १८ × ९.८ × ५ = ८८२ ज्यूल. मग उभे राहून ओढला. दोर १.६ मीटर लांब आणि हात गाठीपेक्षा ०.८ मीटर उंच, म्हणजे कोन ३० अंशांचा. कोनमापक लागलाच नाही. काटा १६ ते १७ च्या मध्ये नाचत होता, सरासरी १६.५ धरली. दोरातले बल १६२ न्यूटन, पण पोते जाते आडवे, तेव्हा त्या बलाचा आडवा घटकच कार्यात धरायचा : १६२ × ०.८६६ = १४० न्यूटन, आणि कार्य ७०० ज्यूल.

भाचीने लगेच आक्षेप घेतला. पोते तेच, खळे तेच, अंतर तेच. मग घर्षणाविरुद्धचे कार्य ८८२ वरून ७०० कसे झाले? मी सुरुवातीला उभ्या घटकाला ‘निरुपयोगी’ म्हणालो होतो, तो शब्द मला मागे घ्यावा लागला. उभा घटक कार्य करत नाही हे खरे, पण तो पोत्याचा ८.२५ किलोचा भार उचलून धरतो. पोते जमिनीवर तेवढे कमी दाबते, म्हणून घर्षणच कमी होते. घर्षण दाबाच्या ०.४५ पट धरले तर (४० − ८.२५) × ०.४५ = १४.३ किलो, म्हणजे बरोबर १४० न्यूटन. कार्य न करणारे बलसुद्धा दुसऱ्या बलाचे कार्य बदलू शकते. हे मी वर्गात इतकी वर्षे सांगायचे राहून गेलो होतो.

शुक्रवार, २७ डिसेंबर २०२४ (नाताळची सुट्टी)

आईने आज प्रकल्पावर हरकत घेतली. भरलेली कळशी कमरेवर घेऊन शेजारणीशी दहा मिनिटे बोलत उभी राहिले, तर तुमच्या शास्त्राप्रमाणे मी काही केलेच नाही ना, असा तिचा प्रश्न. भाचीने घाबरत ‘हो आजी, शून्य’ असे सांगितले. “मग कंबर कोणाची दुखते?” आईने विचारले.

प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर टाळू नये. कळशी हलत नाही, म्हणून कळशीवर झालेले कार्य शून्य. ओट्यावर ठेवली असती तरी ओट्याने कार्य केले नसतेच. परंतु स्नायू हा ओटा नव्हे. ताणलेल्या अवस्थेत राहण्यासाठी त्याचे तंतू सतत आकसतात, सुटतात, पुन्हा आकसतात. या आतल्या घालमेलीत अन्नातली ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. खर्च आईचा झाला. कळशीच्या खात्यावर काही जमा झाले नाही. ‘कोणत्या वस्तूवर’ हा रकाना रिकामा ठेवला की आजी आणि नात दोघीही बरोबर आणि तरी भांडण, अशी स्थिती होते. विहिरीपासून स्वयंपाकघरापर्यंत तीन पायऱ्या आहेत, मिळून ०.४५ मीटर. तेवढ्यात कळशीवर ६२ ज्यूल कार्य होते, पण स्वतःचे ५२ किलोचे शरीर चढवायला आईला २२९ ज्यूल लागतात. हा आकडा ऐकून आई जरा निवळली.

तिने पुढे सांगितले की कळशी वर ओढण्यापेक्षा रिकामी कळशी खाली सोडतानाच तळवा जास्त भाजतो. मुठीतून दोर सरकू देणारे लोक असे सोडतात; मी हात बदलत सोडतो, म्हणून मला हे कधी जाणवले नव्हते. खाली जाताना २ किलोच्या कळशीवर गुरुत्वबल ११७.६ ज्यूल धन कार्य करते. कळशी सावकाश जावी म्हणून हात वरच्या दिशेने बल लावतो, पण कळशी जाते खाली. म्हणून हाताचे कार्य ऋण, सुमारे १११ ज्यूल, उरलेले रहाटाचे. ऋण कार्य हा शब्द भाचीला वहीतला खेळ वाटत होता. तिने तळवा गालाला लावून पाहिला आणि तिचा गैरसमज गेला. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापायला ४.१८ ज्यूल लागतात. त्या हिशेबाने १११ ज्यूल म्हणजे पाच ग्रॅम पाणी पाच अंशांनी तापवण्याइतकी उष्णता. ती तळव्याच्या पातळ कातडीत आणि दोरात वाटली जाते. आई खोटे सांगत नव्हती.

हेच गणित जेम्स ज्यूल याने १८४० च्या दशकात मांडले. १८१८ साली जन्मलेला हा गृहस्थ मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमधल्या बिअर गाळणाऱ्या घराण्यातला. खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातली वल्ही फिरवायची आणि पाणी किती तापले ते बारीक तापमापीने पाहायचे, असा त्याचा प्रयोग. मुठीच्या जागी वल्ही घातली की आमची विहीर आणि त्याचे भांडे यांत तत्त्वाचा फरक नाही. धबधब्याच्या तळाचे पाणी माथ्यावरच्या पाण्यापेक्षा किंचित उबदार असले पाहिजे, असे त्याने सांगितले होते आणि नायगाराचा हिशेबही मांडला होता. भाचीने दूधसागराचा मांडला : उंची सुमारे ३१० मीटर, तर ९.८ × ३१० भागिले ४१८०, म्हणजे ०.७३ अंश. पाणी वाटेत खडकांवर फुटते, वाऱ्यात उडते आणि बाष्प होऊन थंडही होते, तेव्हा हा आकडा कागदावरचाच समजावा.

रविवार, १२ जानेवारी २०२५

अपघात. कळशी पाण्यापासून ३ मीटर वर असताना गळ्याची गाठ सुटली आणि ती खाली गेली. गाठ भाचीने मारली होती, तपासली मी नव्हती. गळ टाकून कळशी काढायला पाऊण तास गेला. बुडाला पोचा पडला आहे. कळशी बाहेर आल्यावरच आईने तोंड उघडले, त्याआधी बोलणे तिला धोक्याचे वाटले असावे.

नुकसान झालेच आहे तर हिशेब तरी व्हावा. तोवर कळशीवर झालेले कार्य १४ × ९.८ × ३ = ४१२ ज्यूल. ते पडताना गतिज ऊर्जेत गेले. वेग सेकंदाला ७.७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर, गल्लीतल्या स्कूटरइतका. वस्तुमान वेगाच्या सूत्रातून आपोआप निघून जाते, हे भाचीच्या लक्षात आले. रिकामी कळशीही त्याच वेगाने पाण्यावर आदळली असती. आदळण्याची ऊर्जा मात्र सातपट कमी, आणि बहुधा पोचाही लहान.

रविवार, २६ जानेवारी २०२५

पाणी आज कठड्यापासून ७.० मीटर. आज विजेच्या पंपाची पाळी. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप विहिरीतले पाणी छपरावरच्या ५०० लिटरच्या टाकीत चढवतो. टाकीचे तोंड कठड्याहून ५ मीटर उंच, म्हणजे एकूण चढ १२ मीटर. पाण्यावर व्हायला हवे ते कार्य : ५०० × ९.८ × १२ = ५८,८०० ज्यूल.

खर्च मोजायला घरातली इतर सगळी बटणे बंद केली, फ्रीजसुद्धा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि पट्टीवर छापलेले असते की किती लुकलुकी म्हणजे एक युनिट. आमच्या मीटरवर ३२०० आहे. मी टाकीपाशी, भाची मीटरपाशी स्टुलावर उभी. टाकी १५ मिनिटांत भरली आणि दिवा ४५० वेळा लुकलुकला. म्हणजे ०.१४ युनिट. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. तेव्हा घेतलेली ऊर्जा ५,०६,००० ज्यूलच्या घरात.

भाचीने भागाकार तीनदा केला. शंभरातले जेमतेम साडेअकरा ज्यूल पाणी चढवायला लागले. तिला वाटले, शून्य कुठे तरी निसटले असावे. निसटलेले नाही. मोटरच्या गुंडाळ्या तापतात, पंख्याच्या पात्यांत पाणी घुसळले जाते, अरुंद नळ आणि त्याची चार कोपरे वाट अडवतात, आणि आमचा पंप पंधरा वर्षांचा आहे. चांगला नवा लहान पंपसुद्धा घेतलेल्या ऊर्जेतली बरीचशी वाया घालवतो. आईचा शेरा असा की रहाट शंभरात चौऱ्याण्णव देतो आणि पंप साडेअकरा, तर शहाणे कोण. तुलना तशी समान पायावरची नाही, कारण रहाटाच्या हिशेबात आईच्या शरीराचा खर्च धरलेला नाही.

तरीही विजेचे स्वस्तपण याच हिशेबात दिसले. एका युनिटमधली सगळी ऊर्जा जर उचलण्यातच लावता आली असती, तर नोव्हेंबरातल्या ६ मीटरवरून तिने ४,३७४ भरलेल्या कळशा काढल्या असत्या.

कार्य ही कल्पना पाणी उपसण्याच्या हिशेबांजवळच वाढली, हे मला या निमित्ताने भाचीला सांगता आले. इंग्लंडमधल्या खाणींत पाणी साठे, ते वाफेच्या यंत्रांनी काढावे लागे, आणि अमुक कोळशात किती वजनाचे पाणी किती उंच चढवले, यावरून यंत्राची किंमत ठरे. वजन गुणिले उंची हे माप आधीच व्यवहारात होते. १८२९ साली कोरिओलिस या फ्रेंच अभियंत्याने बल गुणिले अंतर या राशीला आपल्या भाषेतला ‘काम’ याच अर्थाचा रोजचा शब्द दिला. भाचीचा घोळ म्हणजे त्याच्याच निवडीचे फळ. आमच्या डिचोलीकडच्या लोहखनिजाच्या खंदकांतूनही पंप लावून पाणी उपसत आले आहेत. तिथे हा हिशेब कोणाला शिकवावा लागला नसेल.

रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

पाणी ७.६ मीटर, कळशीवरचे कार्य १,०४३ ज्यूल. भाचीने १६ सेकंदांत ओढली, आईने २५ सेकंदांत. कार्य दोघींचे तेच, शक्ती, म्हणजे दर सेकंदाला होणारे कार्य, वेगळी : ६५ वॅट आणि ४२ वॅट. भाचीने सुरुवातीला हिसका दिला तेव्हा काटा क्षणभर १९ वर गेला, त्यामुळे तिचे कार्य जास्त धरावे असा तिचा आग्रह होता. पण कळशी पाण्यावर स्थिर होती आणि कठड्यापाशीही स्थिरच झाली. हिसक्याने दिलेला वेग वर येताना ओढ सैल करून वसूल झाला.

रविवार, १३ एप्रिल २०२५

पाणी ९.० मीटर. नोव्हेंबरच्या दीडपट खोली. कळशीवरचे कार्य १,२३५ ज्यूल, हेही दीडपट. नायलॉनच्या दोरावरचे मात्र १६ वरून ३६ ज्यूल, सव्वादोन पट, कारण दोर लांबला आणि जास्त उंचही चढला. आईच्या काथ्याच्या दोरावर आज ७९ ज्यूल लागले असते. रहाटाचा हिस्सा धरून हाताचे एकूण कार्य सुमारे १,३५० ज्यूल.

वीज गेल्यावर आई दिवसाला दहा कळशा काढते. ते झाले साडेतेरा हजार ज्यूल, म्हणजे तीन किलोकॅलरीहून किंचित जास्त. स्नायू खाल्लेल्या ऊर्जेचा पाचवा हिस्साच कार्यात उतरवतात असे धरले, तरी खर्च सोळा किलोकॅलरी, अर्थात चहातली चमचाभर साखर. हे आईला सांगू नये असे मी सुचवले होते. भाचीने सांगितले. आईने कळशी तिच्या हातात दिली आणि दहा कळशा काढून झाल्यावर चमचाभर साखर पुढे ठेवली.

राहिलेली नोंद : सहाव्या कळशीनंतर भाची दर वेळी वाकून, पाय रोवून, अर्धे शरीर खाली-वर करत ओढत होती. ते खाली-वर होणारे शरीर आमच्या एकाही रकान्यात आलेले नाही. खाली-वर होणारा अंगाचा भाग ३५ किलोचा आणि दर ओढीला वीस सेंटिमीटर धरले, तर एका ओढीला ६९ ज्यूल, आणि एका कळशीला पंधरा-सोळा ओढी. पहिल्या पावसानंतर पाणी वर आले की ओढी मोजून पुन्हा करायचे आहे. तोवर लाल चिंध्या दोरावर तशाच ठेवल्या आहेत आणि गाठ मी स्वतः मारली आहे.